घरचं बियाणं

फुकट मिळालेली वस्तू टाकून द्यायची म्हटली की मराठी माणसाचा हात थरथरतो. आम्ही पुण्याहून लंडनच्या उत्तरेला, एनफिल्डजवळ राहायला आलो तेव्हा आइस्क्रीमचे रिकामे डबे, आहेराच्या कापडी पिशव्या आणि झाकण हरवलेला थर्मास मोठ्या कष्टानं मागे ठेवले. पण विमान कंपनी सामान तोलते, स्वभाव तोलत नाही. तो पूर्ण वजनानिशी आमच्याबरोबर आला आणि इथे त्याला क्रोकसचं बी सापडलं.

आमच्या मागच्या हिरवळीत आधीच्या मालकानं कधीतरी कंद पुरून ठेवले होते. फेब्रुवारीत, सूर्य नावाची काही वस्तू असते यावरचा इथल्या माणसाचा विश्वास उडालेला असतो, तेव्हा गवतातून जांभळी, पांढरी, पिवळी फुलं वर येतात. चिमण्या त्यांतली पिवळी तेवढी फाडून टाकतात. जांभळ्यांच्या वाटेला त्या फारशा जात नाहीत. का, ते त्यांनाच ठाऊक. मार्चअखेर सगळा कारभार आटोपतो. शहाणा माणूस इथे क्रोकसचा विषय संपवतो आणि गवत कापायचं यंत्र बाहेर काढतो.

मी यंत्र काढलं नाही, त्यामागे बागेचं प्रेम नव्हतं. इथे प्लांटलाइफ नावाची एक संस्था मे महिन्यात गवत कापू नका, फुलांना आणि मधमाश्यांना जगू द्या, अशी मोहीम चालवते. आळशी माणसाला घरबसल्या निसर्गप्रेमी ठरवणारी याहून चांगली योजना माझ्या पाहण्यात नाही. तर त्या न कापलेल्या गवतात मला बोटाच्या पेराएवढ्या, वाळक्या काडीच्या रंगाच्या शेंगा दिसल्या. क्रोकसचं सगळंच उलटं. आपण ज्याला फुलाचा देठ समजतो ती फुलाचीच लांबलेली नळी असते, आणि बीजकोश जमिनीखाली कंदापाशी दडी मारून बसलेला असतो. फूल वाळून जातं, पानं पिवळी पडतात, सगळे त्याला विसरतात, आणि मग मे-जूनमध्ये तो बीजकोश हळूच मातीवर डोकं काढतो. पिकला की वरून तीन ठिकाणी उकलतो. आत बारीक, तांबूस, गोल दाणे.

मी ते दाणे वेचायला गवतात रांगत होतो तेव्हा शेजारचे आजोबा कुंपणापाशी आले.

"काही हरवलंय का?"

"नाही, क्रोकसचं बी गोळा करतोय."

इंग्रज माणूस अशा वेळी हसत नाही. तो हवामानावर बोलतो. "आज ऊन बरं आहे," असं म्हणून ते आत गेले. त्यांच्या स्वयंपाकघराचा पडदा मात्र पुढे बराच वेळ हलत होता.

या धंद्यात मला स्पर्धा होती ती मुंग्यांची. क्रोकसच्या दाण्याला एक तेलकट, मांसल टोक असतं. मुंगी त्या टोकासाठी आख्खा दाणा ओढून नेते, टोक खाते आणि दाणा बिळापाशी टाकून देते. म्हणजे शेंग लवकर तोडली तर आत पांढरं, कच्चं बी, जे दोन दिवसांत सुरकुततं. उशीर केला तर शेंग रिकामी आणि शेजारून मुंग्यांची मिरवणूक. पदवीधर माणसानं मुंगीच्या आधी पोहोचण्यासाठी ऑफिसला जायच्या आधी बूट घालून गवतात ओणवं व्हावं, हे दृश्य माझ्या आईवडिलांनी पाहिलं नाही, हे एका परीनं बरंच झालं. सासूसासऱ्यांनी मात्र पाहिलं.

सासरे लातूरचे. उभी हयात कृषी खात्यात गेली. मराठवाड्यात पेरणीच्या आधी, घरचं सोयाबीन बियाणं म्हणून वापरण्याजोगं आहे की नाही हे तपासून घ्या, असं गावोगाव सांगितलं जातं. त्याची प्रात्यक्षिकं त्यांनी इतकी दिली आहेत की झोपेतही त्यांचे हात गोणपाट गुंडाळत असावेत. तिकडच्या उन्हातून सुटका म्हणून दोघं मे महिन्यात सहा महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे आली. थोड्याच दिवसांत बाबांचे बसचे नंबर पाठ झाले, सुपरमार्केटमधल्या बटाट्यांच्या सगळ्या जाती तपासून झाल्या, आणि आता पुढे काय, अशा चेहऱ्यानं ते घरात फिरू लागले. अशात त्यांना खिडकीतल्या वाटीत बी दिसलं. निवृत्त माणूस पुन्हा ड्यूटीवर रुजू झाला.

"लॉट नंबर?"

"घरचंच आहे, बाबा."

"घरचं असलं तरी लॉट असतो. वाण कोणतं?"

"जांभळं आहे. थोडं पांढरंही असेल."

"मिश्र," ते म्हणाले, आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला लग्नाची बैठक आठवली.

उगवण तपासणीची रीत अशी. सरसकट १०० दाणे मोजून घ्यायचे. निवडून चांगलेच घ्यायचे ही लबाडी. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळी मांडायच्या, वर दुसरं ओलं गोणपाट घालायचं, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचं. सहा-सात दिवसांनी उघडून मोड आलेले दाणे मोजायचे. ७० उगवले तर सोयाबीन हेक्टरी ७५ किलो पेरा. कमी उगवले तर त्या हिशोबानं बियाणं वाढवा. लातूरला यात काहीच अवघड नाही. एनफिल्डला पहिली अडचण गोणपाटाची.

इथल्या देशी दुकानात बासमती तांदूळ चेन लावलेल्या तागाच्या पिशवीत मिळतो. बाबांची नजर त्या पिशवीवर गेली. पिशवी भरलेली होती. दहा किलो बासमती आधी डब्यांत, मग पातेल्यांत, आणि उरलेला मुलीच्या समुद्रावर खेळायच्या बादलीत गेला. पिशवी उसवली, भिजवली आणि जेवणाच्या टेबलावर पसरली. बाबा एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला. ते दाणे मोजत होते, मी ओळ सरळ करत होतो. ऑफिसची मीटिंग लॅपटॉपवर चालू होती आणि मी मधूनमधून मान डोलवत होतो. कोणाच्या कोणत्या म्हणण्याला होकार दिला ते पुढच्या महिन्यात कळलं.

सातव्या दिवशी बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. गुंडाळी उलगडली. दाणे मांडले होते तसेच ओळीत, शिस्तीत पडलेले. फक्त तिसऱ्या ओळीत काहीतरी पांढरं दिसत होतं. बाबांनी चष्मा कपाळावर चढवला, नाक गोणपाटाला लावलं आणि ते जिवापाड हळू हातानं उचललं. तांदूळ होता.

"अजून चार दिवस देऊ," ते म्हणाले. चार दिवसांनी बुरशी आली. तिची उगवण मात्र शंभर टक्के होती.

"शून्य," बाबांनी वहीत लिहिलं. मग आता हेक्टरी किती बियाणं लागेल, हे काढायला बसले. सत्तर भागिले शून्य इथपर्यंत आले आणि बराच वेळ पेन वर धरून बसून राहिले. शेवटी वही मिटली.

"पंचनामा करू. विक्रेता कोण?"

"विक्रेता नाही बाबा, मीच गोळा केलंय."

"पावती?"

"नाही."

"पावतीशिवाय बियाणं घेऊ नका, हे आम्ही जन्मभर ओरडून सांगतोय. कोणी ऐकतच नाही."

पंच म्हणून शेजारच्या आजोबांना बोलावलं. त्यांनी गोणपाट पाहिलं, बुरशी पाहिली, टेबलावरचा चहा घेतला आणि म्हणाले, "फेब्रुवारीत बघा." क्रोकसचा दाणा जूनमध्ये पिकतो आणि उन्हाळाभर झोपून राहतो. शरदातला ओलावा आणि मग थंडी मिळाल्याशिवाय तो उठत नाही. उबदार स्वयंपाकघरात ओल्या गोणपाटात कितीही गोंजारा, कूस बदलत नाही. मी हे सगळं बाबांना मराठीत सांगितलं.

"म्हणजे खरीप नाही?"

"नाही."

"रब्बी?"

"तसं रब्बीही नाही."

"मग याला अनुदान कशात बसवतात?" हा प्रश्न मी आजोबांपर्यंत पोहोचवला नाही.

उरलेल्या दाण्यांवर सासूबाईंनी हक्क सांगितला. त्यांचं माहेर चिपळूणचं, भाताचं. तिकडे भाताचं बी पेरण्याआधी मिठाच्या पाण्यात टाकतात. दहा लिटर पाण्याला तीनशे ग्रॅम मीठ. पोकळ दाणे तरंगतात ते काढून टाकायचे, बुडतात ते धुऊन पेरायचे. त्यांनी त्या प्रमाणात वाडगाभर पाणी केलं आणि दाणे सोडले. सगळेच तरंगले. "सगळं पोल," सासूबाई म्हणाल्या. बायको तेवढ्यात भांडी घासत होती. तिच्या बोटावरून साबणाचा एक थेंब वाडग्यात पडला, आणि मघाचे पोल दाणे एकामागून एक तळाला जाऊन बसले. एवढासा दाणा पाण्याच्या पृष्ठावर नुसता ताणाच्या जोरावरही तरंगत राहतो, हे कारण मला ठाऊक होतं. पण सासूबाईंच्या प्रयोगाला साबण लागला, हे जावयानं सांगायचं कसं? मी भौतिकशास्त्र गिळून गप्प बसलो.

मग ब्लेड आलं. दाणा मधोमध कापला आणि आत पांढरं, घट्ट, भरीव निघालं तर बी जिवंत असण्याची शक्यता चांगली. तपकिरी, पोकळ निघालं तर मेलेलं. बाबांनी एक कापला. पांढरा, घट्ट. दुसरा कापला. उत्तम. "बियाणं चांगलं दिसतंय," म्हणत ते कापत सुटले. ही चाचणी इतकी खात्रीची आहे की तिच्यात पास झालेला एकही दाणा पेरता येत नाही. बायकोनं हातातून ब्लेड काढून घेतलं, नाहीतर त्या दिवशी आमचं सगळं बी गुणवत्ता यादीत जाऊन संपलं असतं. तरीही बाबांचं समाधान नव्हतं. "नमुना परभणीला पाठवला असता," ते हळहळले. "तिथल्या प्रयोगशाळेत द्रावणात टाकतात, जिवंत अंकुर लाल होतो. एका दिवसात निकाल."

सासूबाईंचा मूळ मुद्दा वेगळाच होता. फूल केशराच्या जातीचं आहे, हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं आणि तेव्हापासून त्यांच्या डोक्यात श्रीखंड होतं.

"जावईबापू, याला केशर येणार ना?"

"नाही, आई. हा शोभेचा क्रोकस. केशराचा वेगळा. आणि केशराच्या क्रोकसला बी धरतच नाही."

"म्हणजे?"

आता हे समजावणं आलं. केशराच्या रोपात गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच असतात, त्यामुळे ते वांझ. काश्मीरात पांपोरला काय आणि इराणात काय, माणसानं कंद खणून, वेगळे करून पुन्हा लावले तरच ते वाढतं. आमच्याकडून तास-दीड तासाच्या अंतरावर सॅफ्रन वॉल्डन नावाचं गावच आहे. सोळाव्या-सतराव्या शतकांत तिथे केशर पिकायचं, त्यावरून हे नाव. तिथेही कंदच लावत. म्हणजे आपल्या हातात बी आहे, यावरूनच हे केशर नाही हे सिद्ध होतं.

सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे केशर असतं तर बी मिळालं नसतं. बी मिळालं, म्हणून केशर नाही."

"बरोबर."

"मग तुम्ही गवतात रांगत कशाला होतात?"

बायकोनं तोच प्रश्न आकड्यांत मांडला. सप्टेंबरात दुकानात क्रोकसच्या कंदांच्या पिशव्या चहाबिस्किटांच्या भावात मिळतात आणि येत्या फेब्रुवारीत फुलतात. तुझ्या फुकट बियाण्याला कुंड्या, माती, वरून घालायला बारीक खडी आणि खारींपासून वाचवायला जाळी लागणार. त्यातून रंग कोणता येईल, ते मधमाशी कोणत्या फुलावरून उठून कोणत्या फुलावर बसली होती त्यावर. आणि फूल? तिसऱ्या-चौथ्या वर्षी. तिनं बेरीज पाकिटाच्या पाठीवर मांडली होती, आणि ते पाकीट मी बी ठेवायला वापरल्यामुळे तो हिशोब आजही माझ्याकडे आहे.

मला अशा वेळी मोठ्या माणसांचा आधार लागतो. एनफिल्डमध्येच मिडल्टन हाउस आहे, तिथे ई. ए. बोल्स राहत. १८६५ साली तिथेच जन्मले, १९५४ साली गेले, आणि क्रोकसवर त्यांनी १९२४ साली पुस्तक लिहिलं. लोक त्यांना क्रोकसचा राजा म्हणत. त्यांनी बियांपासून रोपं वाढवली, त्यांतली निवडून पक्ष्यांची नावं दिली. 'स्नो बंटिंग' नावाचा पांढरा क्रोकस आजही दुकानात मिळतो. मी सगळ्यांना ती बाग दाखवायला नेलं. आता इतिहासाच्या जोरावर घरात माझी बाजू भक्कम होणार होती.

बाबांना क्रोकस दिसलेच नाहीत. जुलै होता, सगळे जमिनीखाली. ते थांबले एका वेगळ्याच कोपऱ्यापाशी. वेड्यावाकड्या फांद्यांची, पिळवटलेल्या काड्यांची, रीत सोडून वाढणारी झाडं बोल्स यांनी एकत्र लावली होती आणि त्या कोपऱ्याला वेड्यांचं इस्पितळ असं नाव दिलं होतं. बाबांनी पाटी माझ्याकडून समजून घेतली, झाडांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"बी गोळा करायचे म्हणालात ना हे गृहस्थ?"

"हो."

"बरोबर आहे," ते म्हणाले आणि पुढे चालू लागले.

सगळ्या तपासण्यांतून, मिठातून, साबणातून आणि ब्लेडमधून वाचलेलं बी ऑगस्टमध्ये पेरलं. माती, वर खडी, कुंडी बाहेर थंडीत. पिवळ्याची एक कुंडी करावी असं मनात होतं, पण हॉलंडहून येणारा तो मोठा पिवळा क्रोकसही वांझ. चिमण्यांनी फाडला काय, न फाडला काय, बी धरत नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला व्हिसा संपला. निघताना बाबांनी वही माझ्या हातात दिली, उगवणीचे रकाने आखलेली.

डिसेंबरपासून रोज फोन. "उगवलं?" "नाही." जानेवारीत तर प्रश्नही येईना; नुसत्या भुवया वर. फेब्रुवारीत एका सकाळी खडीतून दोऱ्यासारखी बारीक हिरवी पाती वर आली. मी फोन कुंडीवर धरला.

"हे गवत आहे," लातूरहून निकाल आला.

"बाबा, क्रोकस पहिल्या वर्षी एकच पान काढतो. असंच."

"दुसरं पान फुटलं तर गवत?"

"तर गवत."

"मग एप्रिलपर्यंत निकाल राखीव." एप्रिल आला, पान एकच राहिलं. बाबांनी ते मान्य केलं आणि टक्केवारी विचारली. पाती मोजली, पण पेरलेले दाणे किती होते, हे ब्लेड आणि वाडग्याच्या गडबडीत कोणी मोजलंच नव्हतं. अहवाल अपूर्ण म्हणून परत आला. दरम्यान हिरवळीतले जुने जांभळे क्रोकस, ज्यांचं बी कोणी वेचलं नाही, भिजवलं नाही, कापलं नाही, ते आजोबांच्या कुंपणापलीकडेही पसरलेले दिसले. या जातीचा तो स्वभावच आहे. मुंग्यांनी कसलीही तपासणी न करता पेरणी उरकली होती.

"फूल कधी येणार?" बाबांनी विचारलं.

"अजून दोन-तीन वर्षं तरी."

पलीकडे जरा वेळ शांतता. मग ते म्हणाले, "दहा वर्षांचा व्हिसा काढता येतो म्हणे."

मागून सासूबाईंचा आवाज आला, "येतो. पण एका वेळी सहा महिनेच राहता येतं. आणि फेब्रुवारीत तिथे मी येणार नाही."

तेव्हा वाचकहो, तुमच्या हिरवळीत क्रोकसची शेंग उकललेली दिसली तर दाणा टणक, गोल आणि तांबूस आहे एवढं नखानं पाहा. कच्चं, पांढरं, चिमलेलं असेल तर मुंग्यांना देऊन टाका. बाकीचं त्याच उन्हाळ्यात कुंडीत पेरा, कुंडी बाहेर ठेवा, आणि नावाची पट्टी पेन्सिलीनं लिहा; शाई पावसात टिकत नाही. हे सगळं सासरे विमानतळावर उतरायच्या आधी उरका. आणि बासमती शक्यतो प्लॅस्टिकच्या पिशवीतला घ्या.